वाहनयोग

"गाडी कुणी किती वापरली ते इंजिन सांगत नाय, सीट सांगती," दस्तगीर मागच्या दारातून अर्धा आत शिरून म्हणाला. "ही बघ, मागची डावी बाजू पार दबलीय. आणि ड्रायव्हरशेजारची बघ. कोरी करकरीत! काय समजायचं माणसानं?"

"तू इंजिन बघ रे," मी म्हणालो. "सीटवर मी उशी टाकतो."

"इंजिन बघितलं. घड्याळावानी चालतंय. म्हणून तर सीट बघालोय."

दस्तगीर माझा शाळेपासूनचा मित्र, मिरजेत त्याचं गॅरेज. त्याला कुठलीही गाडी बघायला दोन तास लागतात, आणि माझ्याकडे त्या दिवशी दोन मिनिटंही नव्हती. माझं नाव शीतल. आमच्या जैनांत हे नाव पुरुषांचंही असतं. तापट माणसाला हे नाव कसं दिलं, असं म्हणून लोक अजून माझ्या आईला चिडवतात. त्याच तापटपणापायी मी महिन्यापूर्वी औषधाच्या दुकानातली नोकरी मालकाच्या तोंडावर फेकली होती. नंतर चार दिवसांनी जरा गार झालो तेव्हा कळलं की हातात काहीच नाही.

मग डॉक्टर नांद्रेकर भेटले. मिरजेत त्यांची रक्त तपासायची लॅब होती. आसपासच्या अकरा गावांतल्या दवाखान्यांतून रोज रक्ताच्या नळ्या बर्फाच्या डब्यात घालून चार तासांच्या आत लॅबमध्ये आणायच्या, असं काम होतं. अट एकच होती. चारी बाजूंनी बंद असलेली गाडी पाहिजे, आणि ती स्वतःच्या नावावर पाहिजे. "शुक्रवारी संध्याकाळी सहाला मी पुण्याला निघतो," डॉक्टर म्हणाले होते. "त्याआधी आरटीओची पावती टेबलावर ठेव, सोमवारपासून काम तुझं. नाहीतर बेडगचा एकजण ओमनी घेऊन तयार आहे." आणि हा बुधवार होता.

गाडी म्हणजे मारुती एटहंड्रेड, त्र्याण्णवची, पांढरी. आम्ही बघत होतो ते दोन हजार तीन साल, पण दहा वर्षांची गाडी असं कुणी म्हटलं नसतं. मालक धनपाल आवटी, साखर कारखान्यातून स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झालेले. सगळे त्यांना आवटी अण्णा म्हणायचे. आम्ही गाडीभोवती फिरत होतो तेवढा वेळ ते हातात मऊ पिवळं फडकं घेऊन आमच्या मागे मागे होते. दस्तगीरनं जिथं हात लावला, तिथं लगेच पुसत होते.

"अण्णा, एवढी जपलेली गाडी विकताय का?" दस्तगीरनं विचारलं.

"आता एकट्याला कशाला गाडी," अण्णा म्हणाले आणि स्वच्छ आरसा आणखी एकदा पुसला.

व्यवहार ठरला. अण्णांनी ओट्यावर टेबल मांडलं आणि खिशातून शाईचं पेन काढलं. नाव बदलायचे फॉर्म मी एजंट तवनाप्पाकडून आणलेच होते. अण्णा डोकं खाली घालून रकाने भरत गेले, शेवटी ऐटीत सही केली आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला. मी बघितलं तर मालकाच्या जागी नाव होतं कुसुम धनपाल आवटी. सहीही त्याच नावाची, आणि 'आवटी'च्या खाली भली मोठी शेपटी ओढलेली.

"गाडी काकींच्या नावावर आहे?"

"कागदावर. माझ्या पत्रिकेत वाहनयोग नाही. गाडी घ्यायची ठरली तेव्हा उपाध्यांनी स्पष्ट सांगितलं, तुमच्या नावानं घ्याल तर अपघात. आमच्या हिच्या पत्रिकेत मात्र जबरदस्त योग. म्हणून तिच्या नावानं घेतली."

"आणि सही तुम्ही केली?"

अण्णांना माझा प्रश्नच कळला नाही. "तिच्या सगळ्या सह्या मीच करतो. गॅस असो, बँक असो, घराचे कागद असोत. ती कुठं येत बसणार प्रत्येक ठिकाणी?"

दस्तगीरनं माझ्याकडे बघितलं. मी घड्याळाकडे बघितलं. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात एवढंच आलं की बरं झालं, एक हेलपाटा वाचला.

पण तो वाचायचा नव्हता. दुपारी तवनाप्पानं फॉर्म उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "सही झ्याक हाय. पण फोटो? मालकिणीचा फोटो लागतोय आता. नवीन नियम."

मी पुन्हा अण्णांच्या दारात. त्यांनी तीन अल्बम काढले. प्रत्येक फोटोत काकी कुणाच्या तरी मागे उभ्या, नाहीतर वाढताना वाकलेल्या. एकटीचा एकही नाही. शेवटी अण्णांनी लग्नातला फोटो पुढे केला. "ह्यातनं कापून घेता येईल का?"

"अण्णा, ह्याला किती वर्षं झाली?"

"सदतीस."

मी डोळे मिटून दहापर्यंत आकडे म्हटले. "काकी आहेत कुठं?"

"जयसिंगपूरला. भावाकडं असते सध्या." त्या 'सध्या'वर त्यांनी अल्बम मिटले. पुढे विचारायची सोय ठेवली नाही, आणि मलाही त्यात रस नव्हता. गाडीची किल्ली त्यांनी विश्वासानं माझ्या हातात दिली, वर पिवळं फडकंही दिलं.

गुरुवारी दुपारी जयसिंगपूरला पोचलो. भावाच्या घराच्या माडीवर दोन खोल्या होत्या. मी जिना चढून वर गेलो तर दार उघडंच होतं. एक साठीच्या आसपासची बाई जमिनीवर बसून जुन्या वह्यांची कोरी पानं फाडून, शिवून नवी वही करत होती.

"आवटी काकी?"

"कुसुम आवटी. काकी मला कुणी म्हणत नाही, सगळे बाई म्हणतात. चाळीस वर्षं शाळेत होते. पाणी देऊ?"

"नको, जरा घाईत आहे."

"ते जिन्यावरच कळलं. दोन दोन पायऱ्या गाळत आलास."

"मी तुमची गाडी घेतलीय."

"माझी?" बाई हसल्या. सुई वहीत खोचून ठेवली. "बस. माझी गाडी कशाला घेतलीस ते सांग."

मला फोटो घेऊन दहा मिनिटांत निघायचं होतं. पण बाईंची विचारायची तऱ्हा अशी होती की गृहपाठ केला नसेल तर उभंच राहावं लागेल. मी सगळं सांगितलं. नोकरी कशी फेकली, अकरा गावं कुठली, बर्फाचे डबे कसे, शुक्रवारचे सहा. बाई मध्ये मध्ये प्रश्न विचारत होत्या. नळ्यांवर नाव कोण लिहितं? उन्हाळ्यात बर्फ किती टिकतो? एरंडोलीच्या खालच्या ओढ्याला पाणी आलं तर काय करणार? तो ओढा माझ्या डोक्यातच आला नव्हता.

"फॉर्म बघू," त्या म्हणाल्या.

मी दिला. त्यांनी चष्मा लावून सगळे रकाने वाचले आणि सहीवर बोट ठेवून थांबल्या.

"चांगली काढतात. शेपूट बघ कसं ओढलंय."

मी पुन्हा घड्याळाकडे बघितलं.

"दुसरा फॉर्म आहे का?"

"बाई, हा भरलेला आहे की. फक्त फोटो दिला तरी..."

"दुसरा आहे का?"

होता. तवनाप्पा नेहमी दोन देतो. बाईंनी सगळे रकाने पुन्हा स्वतःच्या हातानं भरले आणि खाली सावकाश सही केली. गोल, सरळ अक्षर, पूर्ण नाव, शेपूटबिपूट काही नाही. मग वाचनालयाच्या कार्डासाठी काढलेल्या फोटोंतला एक दिला. अण्णांनी सही केलेला फॉर्म मात्र घडी घालून आपल्या चष्म्याच्या घरात ठेवला. "हा राहू दे माझ्याकडं."

निघताना मला राहवलं नाही. "मिरजेला कधी येणार परत?"

"तू ओढ्याचं बघ आधी," बाई म्हणाल्या.

शुक्रवारी साडेदहाला मी आरटीओच्या खिडकीपुढे होतो. एक वाजता नंबर लागला. खिडकीतल्या साहेबांनी जुनी फाइल काढली, माझा फॉर्म शेजारी ठेवला, एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे.

"ही सही कुणाची?"

"मालकिणीची. माझ्यासमोर केलीय."

"रेकॉर्डला अशी नाही." त्यांनी फाइल माझ्याकडे वळवली. दहा वर्षांपूर्वीच्या कागदावर ती शेपटी झोकात पसरलेली होती. गाडी घेतली तेव्हाही सही अण्णांनीच केलेली!

म्हणजे अण्णांची सही चालली असती आणि बाईंची चालत नव्हती. हे त्या साहेबांना कसं सांगणार? ते त्यांचं काम बरोबरच करत होते. मी तरी आवाज चढवला. तवनाप्पानं मागून माझा सदरा ओढला.

"मालकिणीला स्वतः घेऊन या," साहेब शांतपणे म्हणाले. "ओळखपत्रासह. चारपर्यंत खिडकी चालू आहे."

जयसिंगपूरला मी कसा पोचलो ते मला आजही आठवत नाही. अंकलीच्या पुलावर एका ट्रॅक्टरवाल्याला शिव्या दिल्या, तेवढंच आठवतं. बाई नुकत्याच जेवून लवंडल्या होत्या. मी दारातच सगळं एका दमात सांगितलं. त्या उठून बसल्या.

"रेकॉर्डला ह्यांची सही आहे?"

"हो."

"म्हणजे मी ती मी नाही," असं म्हणून बाई इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. मला हसू येत नव्हतं. मी जिन्याकडे बघत होतो.

"किती वेळाचं काम?"

"तासाभराचं. परत दारात आणून सोडतो, बाई. शब्द आहे माझा."

त्यांनी पदर सारखा केला, कापडी पिशवी घेतली आणि खाली आल्या. मी पुढचं दार उघडून धरलं. त्या माझ्या बाजूनं मागे गेल्या आणि मागच्या डाव्या बाजूला जाऊन बसल्या. बसल्या बसल्या त्यांचा हात वरच्या दांडीवर आपोआप गेला.

"पुढं बसा की, बाई."

"नको. पुढं सासूबाई बसायच्या. त्या गेल्यावर ह्यांची बॅग बसायला लागली." त्या सीटवर जरा हलल्या. "इथं माझा खड्डा झालाय, बघ. चल, तुला घाई आहे ना."

दस्तगीरची सीट मला तेव्हा उमगली. पण उमगून करायचं काय? सव्वादोन वाजले होते. वाटेत मी अखंड बडबडत होतो. बर्फाचे चार डबे घेणार, पुढची सीट काढून तिथं दोन रचणार, सकाळी सहाला म्हैसाळपासून सुरुवात करणार. बाई मागून "हं" म्हणत होत्या.

खिडकीपुढे पुन्हा रांग. नंबर आला तेव्हा साडेतीन. साहेबांनी ओळखपत्र बघितलं, फोटो बघितला, बाईंकडे बघितलं आणि अदबीनं म्हणाले, "बाई, तुम्ही तुम्हीच आहात, पण सही रेकॉर्डप्रमाणे पाहिजे. बदलली असेल तर तसं प्रतिज्ञापत्र करून आणा, पुढच्या आठवड्यात होईल."

बाईंनी चष्मा लावून फाइलमधली सही बघितली. "ही माझी..."

"बाई!" मी इतक्या जोरात म्हणालो की रांग वळून बघायला लागली. दंडाला धरल्यासारखं करून मी त्यांना भिंतीकडे घेतलं. "बाई, तुम्ही 'माझी नाही' म्हणालात की सगळं बोंबललं. चौकशी लागेल. पुढच्या आठवड्यात माझं काम बेडगच्या माणसाकडं गेलेलं असेल."

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नका. ती बघा आणि तशी करा. एकदाच."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "खोटी सही कर म्हणतोस मला."

"खोटी कशी? नाव तुमचंच आहे की!"

"हो. हेही असंच म्हणायचे," बाई म्हणाल्या.

मला ऐकू आलं, पण मी थांबलो नाही. हात जोडले. घरी आई आहे म्हणालो, परत त्या दुकानात जाऊन मालकाचे पाय धरावे लागतील म्हणालो. सगळं खरं होतं, आणि ते सगळं मी त्यांच्या अंगावर टाकत होतो. शेवटी त्यांनी माझ्या हातातला पाठकोरा कागद घेतला, खिडकीशी जाऊन ती सही पुन्हा एकदा नीट बघून आल्या आणि भिंतीला कागद लावून गिरवायला लागल्या. पहिल्यांदा शेपटी आखूड झाली. दुसऱ्यांदा 'आवटी' गोलच झालं. तिसऱ्यांदा अण्णांनीही ओळखली नसती इतकी हुबेहूब जमली.

"चाळीस वर्षं पोरांना सांगितलं, दुसऱ्याचं बघून लिहायचं नाही," त्या म्हणाल्या आणि खिडकीकडे चालायला लागल्या.

सव्वाचारला पावती माझ्या हातात पडली. तिचा मुका घ्यायचा तेवढा बाकी राहिला होता.

"बाई, बसा गाडीत. आधी पटकन लॅबला जाऊ, मग तुम्हाला जयसिंगपूरला सोडतो."

त्या जाऊन मागे बसल्या. मी किल्ली लावली आणि आठवलं, विम्याची झेरॉक्स खिडकीवरच राहिली. पळत आत गेलो, तिथं दोघांना ढकलून कागद घेतला, पळत आलो, उडी मारून बसलो आणि गाडी भरधाव सोडली.

रस्ता मोकळा मिळाला. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. गाणं येत नाही म्हणून बोलत सुटलो. सोमवारी पहिल्या फेरीला तुम्हीच नारळ फोडायचा, बाई. एरंडोलीच्या ओढ्याचं तुम्ही म्हणालात ते बरोबर आहे, पावसाळ्यात मी वरच्या रस्त्यानं जाईन, चार किलोमीटर जास्त पडतील, पडू देत. मागून "हं" येत नव्हतं. दमल्या असतील, मला वाटलं. सहीचं मनाला लागलं असेल, असंही वाटलं, म्हणून मी आणखी बोललो. आरसा होता की. आरशात मी मागून येणाऱ्या गाड्या बघत होतो.

डॉक्टर नांद्रेकरांनी पावती दोनदा वाचली, उठून हात मिळवला, चहा मागवला. गावांची यादी झाली, वेळा ठरल्या. मग डॉक्टर म्हणाले, "चल, गाडी दाखव."

"गाडीत बाई बसल्यात," मी जिना उतरता उतरता म्हणालो. "गाडीच्या मालकीण. त्यांच्यामुळंच झालं हे सगळं. तुमची ओळख करून देतो." आणि मोठ्या ऐटीत मागचं दार उघडलं.

सीट रिकामी होती.

मी वाकून खाली बघितलं. साठ वर्षांची बाई दोन सीटांच्या मधल्या फटीत कशी सापडणार होती, ते मलाच माहीत. डॉक्टर माझ्याकडे बघत होते.

"कुठायत?"

"राहिल्या," मी म्हणालो. "आरटीओत राहिल्या."

डॉक्टर हसले नाहीत. "सॅम्पल तरी मोजून घेत जा," एवढंच म्हणाले आणि वर गेले.

परतीच्या वाटेवर पहिली पाच मिनिटं मी घाबरलो होतो. मग, आता लपवून काय करायचं, मला राग यायला लागला. चांगल्या बसल्या होत्या, उतरायचं कशाला? उतरायचं तर हाक मारायची. मी काय ज्योतिषी आहे? आज माझ्या आयुष्यातला एवढा चांगला दिवस, आणि त्यात हे. गाडी जसजशी पुढे जात होती तसतशी चूक माझ्याकडून त्यांच्याकडे सरकत होती, आणि आरटीओच्या फाटकाशी पोचलो तेव्हा ती जवळजवळ सगळी त्यांचीच झाली होती.

ऑफिस बंद झालं होतं. टायपिस्टांची टेबलं मिटलेली. फाटकाबाहेर लिंबाच्या पारावर बाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी गाडी थांबवायच्या आधीच काच खाली केली आणि माझं तोंड सुटलं.

"बाई, उतरताना सांगायचं तरी की हो!"

बाईंनी मान वर केली. रागावलेल्या नव्हत्या. वर्गात एखाद्या मुलानं नेमकं तेच चुकीचं उत्तर द्यावं, जे आपल्याला आधीपासून माहीत होतं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"पाणी प्यायला उतरले होते," त्या म्हणाल्या. "तू आत गेला होतास. समोरच तर नळ आहे. मी ओंजळ धरली आणि तू गेलास."

"मग एसटी तरी धरायची. इथं बसून राहिलात एवढा वेळ!"

"तीन गाड्या गेल्या. म्हटलं बघूया, हा किती वेळ लावतो." त्यांनी मनगट वळवून घड्याळ बघितलं. "एक तास वीस मिनिटं. बरा आहेस. ह्यांना दोन तास दहा मिनिटं लागली होती."

मी गाडी बंद केली. "कुणाला?"

"ह्यांना. भाद्रपदात बाहुबलीला दर्शनाला गेलो होतो. येताना हातकणंगल्याच्या अलीकडं पेट्रोल भरायला थांबलो. मी मागच्या बाजूला तोंड धुवायला गेले, आणि येऊन बघते तर गाडी नाही. मला वाटलं, हवा भरायला पुढं घेतली असेल. मग वाटलं, वळवायला गेले असतील. शेवटी तिथल्या माणसानंच सांगितलं, आजी, ते गेले की मिरजेकडं." बाई अगदी सरळ आवाजात सांगत होत्या. "हे घरी पोचले. गाडी धुतली, पुसली. कव्हर घालताना माझी पिशवी दिसली सीटवर, तेव्हा कळलं."

"तेवढा सगळा रस्ता?"

"तेवढा सगळा रस्ता. मी तिथं हवेच्या मशीनजवळ उभी. राग नव्हता रे मला. उलट मी ह्यांचीच काळजी करत होते, की कळल्यावर केवढे घाबरतील. गाडी वेडीवाकडी हाणत येतील, कुठंतरी धडकतील. काय बोलतील ते मी मनात घोळवत होते. ह्यांना मनातलं बोलायला जमत नाही, पण आज काहीतरी बोलतील असं वाटत होतं." त्यांनी पिशवीचे बंद सारखे केले. "आले. अगदी नीट चालवत आले. माझ्यापुढं गाडी उभी केली, काच खाली केली आणि म्हणाले, उतरताना सांगायचं नाही का?"

माझी काच अजून खालीच होती.

"मागून एसटी येत होती, मी हात केला," बाई म्हणाल्या. "ह्यांना वाटलं रुसले. चार दिवसांत येईल म्हणाले सगळ्यांना. भावानं समजावलं, जावयानं समजावलं. एवढ्याशा गोष्टीवरनं कुणी घर सोडतं का, म्हणाले. बरोबर आहे त्यांचं. एवढीशीच तर गोष्ट. मलाही तुला बघेपर्यंत अधूनमधून तसंच वाटायचं."

"बसा, बाई. सोडतो मी." मी उतरून दार उघडायला गेलो. कुठलं उघडू ते कळेना, म्हणून दोन्ही उघडली.

"नको. गाडी तुझी झाली आता. चांगली आहे, नीट वापर." त्या उठल्या. पिशवी खांद्याला लावली. "आणि नळ्या आणताना प्रत्येक दवाखान्यात वही ठेव. नाव वाचून घेत जा एकेक."

समोर जयसिंगपूरची बस येऊन लागत होती. बाई घाई न करता रस्ता ओलांडून गेल्या, रांगेत उभ्या राहिल्या, त्यांचा नंबर आल्यावर चढल्या. मी दोन्ही दारं उघडी टाकून गाडीशी उभा होतो. बस हलली तेव्हा मी हात वर केला. त्या खिडकीशी बसल्या होत्या, पण कंडक्टरकडे सुटे पैसे देत होत्या.

मी ती गाडी सहा वर्षं चालवली आणि पुढे दुसऱ्या दोन घेतल्या. आज लोक मला शेठ म्हणतात. बाईंची माफी मात्र मी त्या दिवशी मागितली नाही, आणि मग दिवसावर दिवस जात राहिले तशी ती मागणं अवघड होत गेलं. तेव्हा ती का मागितली नाही, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. उत्तर साधं आहे. मला सुचलंच नव्हतं. सगळी कामं टाकून मी एवढ्या लांब परत आलो होतो, आणि तेवढं पुष्कळ झालं असं मला अगदी मनापासून वाटत होतं. आवटी अण्णांनाही तसंच वाटलं असणार.